तूप-दह्याशिवायचं जेवण फिकं का लागतं, आणि ते रुचकर करण्याचा नेमका क्रम

डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं, मुलीने ठरवलं, किंवा स्वतःलाच मांस-अंडी नकोशी झाली. कारण काहीही असो, ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच घरांमधून आता पूर्ण वनस्पतीजन्य स्वयंपाक सुरू झाला आहे. गाडी अडते तीही एकाच जागी. पहिल्या आठवड्यात उकडलेल्या भाज्या, टोफू आणि पातळ आमटी होते. दुसऱ्या आठवड्यात घरातले लोक लोणचं मागू लागतात. तिसऱ्या आठवड्यात तूप परत येतं.

याचं कारण साधं आहे. पदार्थातून तूप, दही, मटण काढून टाकलं जातं, पण स्वयंपाकाची पद्धत तीच राहते. तूप मसाल्याचा वास धरून ठेवतं आणि भाताला जडपणा देतं. दही आंबटपणा आणि दाटपणा देतं. मटण तासभर शिजताना रश्श्यात स्वतःची खोल चव उतरवतं. ही तिन्ही कामं तेल, खोबरं, शेंगदाणे, भाजलेला कांदा, कोकम आणि कडधान्याचं पाणी यांच्याकडून करून घेता येतात. मात्र त्यासाठी प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळी पडायला हवी. बहुतेकांचं सामान बरोबर असतं आणि क्रम चुकतो, म्हणून खाली सगळा भर क्रमावर दिला आहे.

उदाहरणासाठी चार माणसांची मोड आलेल्या मटकीची रस्सेदार उसळ घेतली आहे. ती जमली की वाल, चवळी, मसूर, वाटाणे, छोले यांच्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

टप्पा १: सामान आणा, पण हुंगून

तेलं दोनच पुरेत: रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं आणि वास नको असेल तिथे एखादं साधं रिफाइंड. शेंगदाण्याचं तेल घाण्यावरचं मिळालं तर जरूर घ्या. तूप नसलेल्या घरात तेलाच्या वासावर बरंच काही अवलंबून असतं.

सुकं खोबरं, शेंगदाणे आणि तीळ लागतील. ही मंडळी तुमच्या रश्श्याचा दाटपणा आणि स्निग्धपणा आहेत. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सुट्टं खोबरं, मसाले आणि भाजी एकाच फेरीत मिळतात. नवी मुंबईत चार शेजारी मिळून घेणार असाल तर वाशीच्या एपीएमसीची फेरी परवडते. एकट्याने तिथून पाच किलो शेंगदाणे आणू नका, आपल्या दमट हवेत ते संपण्याआधी खराब होतील.

आंबटाला कोकम, चिंच, लिंबू आणि टोमॅटो हे चारही घरात असू द्या. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, ते पाचव्या टप्प्यात येईल.

मसाले दोन: एक गोडा किंवा काळा मसाला आणि एक तिखट जातीचा, म्हणजे आगरी, मालवणी किंवा जो तुमच्या घरी चालतो तो. दोन्ही एकाच भांड्यात कधीही घालू नका. दोघांचे वास एकमेकांना मारतात, आणि मग उसळ कशाचीच लागत नाही.

तपासणी: खोबऱ्याचा एक तुकडा आणि दोन शेंगदाणे कच्चेच चावून बघा. खवट लागले तर सगळी पिशवी बाजूला काढा. पावसाळ्यात हे दर वेळी करायचं. खवट खोबरं भाजल्याने सुधारत नाही, उलट त्याचा वास सगळ्या वाटणात पसरतो. कुबट वासाचे, काळपट, सुरकुतलेले शेंगदाणे तर फेकूनच द्या, कारण त्यांच्यावरची बुरशी तब्येतीला घातक असते.

इशारा: विकतचं सूप, पाव, बिस्किटं, तयार ग्रेव्ही यांच्या पाकिटावर दूध पावडर, व्हे, केसीन (हे दोन्हीही दुधातलेच घटक) हे शब्द शोधा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध सोडलं असेल तर हे वाचण्यात आळस चालणार नाही.

टप्पा २: कडधान्य भिजवणं आणि शिजवणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या पुढे कुठेच भरून निघत नाहीत. कडधान्य आतून घट्ट राहिलं तर रस्सा कितीही चांगला झाला तरी ताटात ते दोन वेगळे पदार्थ असल्यासारखे लागतात.

चार माणसांसाठी एक वाटी कोरडी मटकी घ्या. ती पसरट ताटात निवडा. मटकीत खडे आणि न भिजणारे कडक दाणे, म्हणजे गणंग, हटकून असतात. तीन पाण्यांत धुवा आणि तिप्पट पाण्यात भिजत घाला. मूग ६ ते ८ तासांत भिजतात, मटकी ८ तासांत. छोले, राजमा, वाटाणे आणि वाल यांना १० ते १२ तास द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवलं तर पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत रात्री झोपताना भिजत घाला आणि सकाळी उठल्याबरोबर उपसा. सकाळी भिजवून संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर बघू म्हटलं तर लोकलच्या गोंधळात १३ तास होतात आणि मटकी हातची जाते.

भिजलेलं पाणी ओतून द्या, दाणे पुन्हा धुवा, चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि मगच ओल्या सुती फडक्यात बांधा. मोड न येण्याचं किंवा मटकी बुळबुळीत होण्याचं मुख्य कारण हेच: निथळू दिलेलं नसतं. उन्हाळ्यात १० ते १२ तासांत चांगले मोड येतात. थंडीच्या दिवसांत २० ते २४ तास धरा आणि पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा. दाण्याएवढ्याच लांबीचे मोड पुरेत. लांब शेपट्या आल्या की चव गवताळ होते.

आपल्याकडे दमट हवेत मोड कच्चे खाऊ नका. जंतूंना हवी असते तीच ऊब आणि तोच ओलावा मोडांनाही लागतो. उसळ शिजतेच, त्यामुळे तिथे प्रश्न नाही, पण वरून कच्चे मोड घालायची सवय असेल तर ते आधी वाफवून घ्या.

कडवे वाल घेतलेत तर एक पायरी वाढते. मोड आल्यावर ते कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सोला. वेळ लागतो, दूरदर्शन लावून घरातल्या दोघांनी बसून करायचं काम आहे. पण साल ठेवून केलेल्या बिरड्याचा कडवटपणा आणि चिवटपणा कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. सोललेले वाल कुकरला लावू नका, पिठलं होईल. उघड्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून १५-२० मिनिटं शिजवा.

आता शिजवणं. मोडाच्या मटकीला दोन वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा मीठ घाला. कुकरला एक शिट्टी, किंवा पातेल्यात १२ ते १५ मिनिटं. चवळीला दोन-तीन शिट्ट्या लागतात. छोल्यांना पाच-सहा शिट्ट्या काढून वर दहा मिनिटं मंद आच द्या.

मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत सोडून द्या. शिजताना थोडं मीठ पडलं तर ते दाण्याच्या आत जातं. नंतर वरून घातलेलं मीठ रश्श्यातच राहतं आणि दाणा अळणी लागतो. कडधान्य अडतं ते आंबटाने. चिंच, कोकम, टोमॅटो आधी पडले की दाण्याची भिंत घट्टच राहते, मग दहा शिट्ट्या काढल्या तरी उपयोग नाही. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तरीही दाणे अडतात. अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी वापरा. अगदीच जुने छोले असतील तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा चालेल. चिमूटच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

इशारा: राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटात गेला तर जोरदार उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेका, ताज्या पाण्यात घ्या आणि तो खळखळून उकळलाच पाहिजे. कुकर उत्तम. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट राजमा लावू नका.

तपासणी: एक दाणा जिभेने टाळूवर दाबा. दाताची मदत न घेता चेपला गेला तरच पुढे जा. शिजवलेलं पाणी अजिबात ओतू नका, आपल्या रश्श्याचा पाया तेच आहे.

टप्पा ३: वाटण

मटण नसताना खोल चव कुठून आणायची, याचं उत्तर नीट भाजलेल्या वाटणात आहे. म्हणून इथे घाई करू नका.

चार माणसांसाठी: दोन मध्यम कांदे उभे पातळ चिरून, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, सहा-सात लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक मोठा चमचा धणे, एक छोटा चमचा तीळ, तीन लवंगा, पाच-सहा मिरी, दालचिनीचा छोटा तुकडा आणि थोडंसं दगडफूल. तयार गोडा मसाला पुढे घालणार असाल तर लवंग, मिरी, दालचिनी आणि दगडफूल वगळा.

१. कढई कोरडी आणि मंद आचेवर. आधी धणे आणि अख्खे मसाले. वास सुटला, धण्यांचा रंग एक छटा बदलला की लगेच ताटात काढा.

२. त्याच कढईत तीळ. तडतडले की काढा.

३. मग खोबरं, सतत हलवत. बदामी रंग आला की गॅस बंद करून त्याच क्षणी ताटात ओता. गरम कढईत राहिलं तर गॅस बंद असतानाही ते काळं पडतं.

४. आता दोन चमचे तेल, कांदा आणि चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं, ते आटतं आणि मग कांदा रंग धरू लागतो. शेवटच्या तीन मिनिटांत लसूण आणि आलं घाला.

सगळं एकदम कढईत टाकणं ही इथली नेहमीची चूक. तीळ-खोबरं करपतं तेव्हा कांदा अजून कच्चाच असतो. दुसरी चूक कांदा गुलाबी झाल्यावर थांबणं. गुलाबी कांद्याने रस्सा गोडसर आणि पांचट होतो. कांदा गडद तपकिरी, कडेने किंचित कुरकुरीत व्हायला हवा. घाई असेल तर अख्खा कांदा सालासकट गॅसच्या जाळीवर भाजा आणि वरचं जळकं साल काढा. धुराचा तो वास उसळीला फार छान साथ देतो.

५. पूर्ण गार होऊ द्या. आधी सुके मसाले आणि खोबरं कोरडंच फिरवा, मग कांदा आणि लागेल तेवढंच पाणी. गरम वाटण मिक्सरमध्ये वाफ धरतं, झाकण उडतं आणि ते बारीकही होत नाही. सुरुवातीलाच पाणी घातलं तर धणे-लवंगांचे कण तसेच राहतात आणि रश्श्यात दाताखाली येतात.

तपासणी: वाटण बोटांत चोळा. रवाळ लागलं तर अजून फिरवा. चाखल्यावर कडू लागलं तर खोबरं करपलं आहे, आणि ते गुळाने दुरुस्त होत नाही. टाकून द्या आणि खोबरं-कांदा पुन्हा भाजा. पाऊण तासाची मेहनत जीवावर येते खरी, पण ते वाटण वापरलं तर सगळी उसळ जाते.

दर रविवारी याच्या चौपट वाटण करून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवता येतं. महिनाभर चव टिकते. रात्री आठला कल्याण किंवा पनवेल लोकलमधून उतरून घरी येणाऱ्यांसाठी हा टप्पा आधी झालेला असणं फार मोलाचं आहे.

टप्पा ४: फोडणी आणि परतणं

तेल तीन मोठे चमचे. तूप, लोणी, साय सगळं गेल्यावर तेलातही काटकसर केली की मसाल्याच्या वासाला बसायला जागाच उरत नाही. हळदीचा आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. ठाणेकरांना मिसळीवरची तर्री आठवली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेल तापलं की एक मोहरीचा दाणा टाकून बघा. तो लगेच तडतडला तर बाकीची मोहरी. ती पूर्ण तडतडून शांत झाली की जिरं, मग पाव चमचा हिंग, मग कढीपत्ता. हळद सगळ्यात शेवटी, आणि तिखट घालण्याआधी आच अगदी मंद करा किंवा चमचाभर पाणी शिंपडा. तिखट काळं पडलं तर वास ठसक्याचा न येता जळका येतो. फोडणी उरकायची म्हणून अर्धवट तापल्या तेलात मोहरी-हिंग टाकले तर ते भिजत पडतात आणि कच्चे लागतात.

आता वाटण, आणि तयार मसाला वापरत असाल तर तोही, घाला आणि परता. सहा ते आठ मिनिटं तरी. आधी ते कढईला चिकटेल, मग गोळा होऊ लागेल आणि शेवटी कडेने तेल दिसू लागेल. तेल सुटेपर्यंत थांबायचं. चिकटत असेल तर शिजवलेल्या पाण्याचा एकेक चमचा शिंपडत राहा.

मग मटकी तिच्या पाण्यासकट. वरून लागणारं पाणी उकळतंच घाला. गार पाणी पडलं की तेल पुन्हा वाटणात मिसळून जातं आणि रस्सा फिका, पांढुरका दिसतो. दहा मिनिटं मंद उकळी द्या, झाकण अर्धवट ठेवून.

टप्पा ५: आंबट, गोड, मीठ, याच क्रमाने

रस्सा उकळून झाला आणि दाणा मऊ आहे याची खात्री पटली की मगच आंबट.

कोकम असेल तर चार-पाच आमसुलं शेवटच्या पाच मिनिटांत. ती जास्त उकळली तर रश्श्याला तुरट छटा येते. चिंचेचा कोळ असेल तर त्याला सात-आठ मिनिटांची उकळी लागते, नाहीतर कच्ची चिंच वेगळी जाणवते. लिंबू गॅस बंद केल्यावरच. टोमॅटो वापरणार असाल तर तो वाटण परततानाच चिरून घाला आणि पूर्ण आटवा, वरून कच्चा घालू नका. टोमॅटोचं काम आंबटापेक्षा चव गाढ करण्याचं जास्त आहे. खोबऱ्याच्या रश्श्याला माझी पहिली पसंती कोकमालाच, कारण त्याचा आंबटपणा खोबऱ्याच्या अंगावर येत नाही.

मग सुपारीएवढा गूळ. गोड चव लागायला नको, आंबटाची धार तेवढी मोडायला हवी. मीठ शेवटी, चाखून. कडधान्यात आणि कांद्यात आधीच थोडं पडलेलं आहे हे विसरू नका.

आंबट शेवटी, या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे: सुरण, अळू आणि पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं ही रानभाजी. यांच्यात खाज आणणारे सूक्ष्म सुईसारखे कण असतात. म्हणून सुरण आणि अळू चिंच किंवा कोकमाबरोबरच शिजवा आणि पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. जूनमध्ये ठाण्यातल्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, त्यांच्याकडेच काकडं नावाची छोटी हिरवी आंबट फळं मिळतात. दोन्ही बरोबरच घ्या. काकडांशिवाय शेवळं करायची नाहीत. आणि कशी साफ करायची ते त्याच बाईंना विचारा, कुठला भाग काढायचा ते त्या हातात धरून दाखवतात.

टप्पा ६: दाटपणा आणि मऊपणा

मटकीला वाटण पुरतं. पण बिरडं, चवळी, दुधी, पालक यांना थोडा साईसारखा मऊपणा हवा असतो, तिथे नारळाचं दूध. एक नारळ खवून, एक वाटी कोमट पाण्यात वाटून पिळा: हे दाट दूध. तोच चोथा पुन्हा दोन वाट्या पाण्यात वाटून पिळा: हे पातळ. भाजी पातळ दुधात शिजवायची आणि दाट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर घालायचं. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळून उकळलं तर दूध फाटतं. चव वाईट होत नाही, पण रस्सा दाणेदार दिसतो आणि तेल वेगळं तरंगतं.

नारळ नसेल तर दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट. ते मात्र चांगलं उकळलं पाहिजे, पाच मिनिटं तरी. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घ्या, कच्च्यांचं नको. काजूची पेस्टही चालते, पण रोजच्या स्वयंपाकाला तिची गरज नाही. तिने सगळ्या भाज्या हॉटेलच्या एकाच ग्रेव्हीसारख्या लागू लागतात.

टप्पा ७: तुपाशिवाय वरण-भात

दमून आलेल्या माणसाला गरम वरण-भात हवा असतो आणि तिथेच तुपाची उणीव सगळ्यात जास्त भासते. नुसतं तूप वगळून तेच वरण वाढलं तर पानातला भात तसाच राहणार, म्हणून वरणच थोडं बदला.

एक वाटी तूरडाळ कढईत दोन मिनिटं कोरडी, अगदी हलकी भाजा. धुवून तीन वाट्या पाणी, हळद, भरपूर हिंग आणि एक चमचा तेल घालून कुकरला लावा. घोटताना दोन चमचे ओलं खोबरं आणि अर्धा चमचा जिरं एकत्र बारीक वाटून घाला, मीठ आणि किंचित गूळ घाला, आणि एकच उकळी द्या. खोबऱ्याने तुपाचा मऊपणा येतो.

वर घ्यायला वेगळं फोडणीचं तेल करा: तीन चमचे शेंगदाणा तेलात ठेचलेला लसूण मंद आचेवर सोनेरी होऊ द्या, मग जिरं आणि हिंग. लसूण नको असेल तर मोहरी-हिंग. विदर्भात गोळाभातावर असं हिंग-मोहरीचं तेल घेतात, आणि ते भातावर किती शोभतं हे खाल्ल्यावरच कळतं. वाढताना भातावर आधी तेल, मग वरण, मग लिंबू. तेल वरणात ढवळून टाकलं तर पहिल्या घासाचा वास हरवतो.

टप्पा ८: सोया, मशरूम, फणस, टोफू

यांना मटणासारखं शिजवू नका. मटण शिजताना स्वतःची चव सोडतं. हे सगळे चव शोषून घेणारे आहेत.

सोयाच्या वड्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात धुवा आणि दोनदा घट्ट पिळा. न पिळल्याने आत कच्चट वासाचं पाणी राहतं, आणि लोकांना सोया आवडत नाही याचं निम्मं कारण हेच. पिळल्यावर आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ आणि कोकमाचं पाणी चोळून २० मिनिटं ठेवा. तेलावर कडा तपकिरी होईपर्यंत परता, मगच वाटणाच्या रश्श्यात सोडा.

मशरूम मोठ्या आचेवर, पसरट तव्यावर, गर्दी न करता. मीठ रंग आल्यावर.

फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरताना हाताला आणि सुरीला तेल लावा. हळद-मिठाच्या पाण्यात दोन शिट्ट्या काढून निथळा, पाणी दाबून काढा आणि तेलावर परतून घ्या.

टोफू फडक्यात गुंडाळून वजनाखाली २० मिनिटं ठेवा. तो पनीर नाही, पनीरच्या अपेक्षेने खाल्ला तर निराशा होईल. आगरी मसाला चोळून तव्यावर खरपूस केला तर भाकरीबरोबर उत्तम लागतो.

ताटात वाढण्याआधी: तरीही फिकं लागलं तर

एक चमचा रस्सा गार करून चाखा. गरम रश्श्यात मीठ-आंबट नीट कळत नाही.

चव जिभेच्या टोकावरच थांबते, पुढे जात नाही असं वाटलं तर आधी चिमूटभर मीठ. मीठ बरोबर आहे आणि तरी सपाट वाटतं तर आंबट कमी आहे, लिंबाचे चार थेंब पिळा. आंबट-मीठ जुळलं आहे पण पाणचट लागतं तर झाकण काढून आटवा, किंवा डावभर उसळ चेचून परत घाला. वास येत नाही तर तेल कमी पडलं आहे: छोट्या पळीत चमचाभर तेल तापवून हिंग आणि चिमूटभर मसाला घालून वरून फोडणी द्या आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. तुरट किंवा कडवट असेल तर एक चमचा नारळाचं दूध. मसाला वाढवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, आणि तोही परतूनच. उकळत्या रश्श्यात कोरडा मसाला भुरभुरवला तर तो कच्चाच राहतो.

दाताखाली काहीतरी कुरकुरीत असणं हीदेखील चवच आहे. पानात भाजलेला पापड, कांदा, शेंगदाण्याची चटणी किंवा खमंग काकडी नसेल तर चांगली उसळही तिसऱ्या घासाला कंटाळवाणी होते.

आठवड्याची मांडणी आणि डबा

शनिवारी रात्री दोन कडधान्यं भिजवा. रविवारी सकाळी बांधा, रात्री मोड आले की फ्रीजमध्ये. रविवारीच चौपट वाटण, बरणीभर शेंगदाण्याचं कूट आणि लसणाचं फोडणीचं तेल. हे तेल फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, लसूण घातलेलं तेल बाहेर ओट्यावर ठेवणं धोक्याचं असतं. एवढं झालं की आठवड्यात रोज रात्री मोड शिजायला लावले की थेट चौथ्या टप्प्यापासून सुरुवात होते आणि अर्ध्या तासात उसळ तयार होते. पिठलं, झुणका, थालीपीठ, भरली वांगी, मसालेभात हे मूळचेच बिनदुधाचे, ते मधल्या दिवसांत टाका म्हणजे रोज नवीन काही शोधावं लागत नाही.

संपूर्ण वनस्पतीजन्य आहारात बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. मोड, पालेभाज्या, डाळी कितीही खाल्ल्या तरी नाही. कायमचा हा आहार ठरवला असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या आणि ते सांगतील ते पूरक सुरू करा, विशेषतः घरात लहान मूल, गर्भवती किंवा वयस्कर माणूस असेल तर.

डब्यासाठी एक नियम: नारळाच्या दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात डब्यात देऊ नका. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकपर्यंत उकाड्यात टिकत नाही. डब्याला मटकीची कोरडी उसळ, परतलेली भाजी किंवा कूट घातलेली सुकी चवळी द्या, तीही पूर्ण गार करून. गरम भाजीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी आत गळतं आणि मसाल्याचं सगळं परतणं वाया जातं. बिरडं रात्रीच्या जेवणाला ठेवा.